बक्षीसवाल्या कादंबरीची समाप्ती

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला स्वतःलाच वाटत नाही, हे आधी सांगून टाकतो आणि त्याबद्दल क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेले नव्हते, आणि मला कॉलेजात जाऊन अजून दोन वर्षेही झालेली नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात लोधिवलीला आमच्या ओटीवर जे झाले ते मी खोलीवरच्या मित्रांना सांगितले, तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, हे लिहून काढ. ते इतके कशाला हसले, हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

पुण्याच्या आमच्या कॉलेजात एक वाचक मंडळ आहे. पारितोषिक मिळालेल्या कादंबऱ्या वाचायच्या आणि मग चर्चा करायची, एवढाच त्याचा नियम. चर्चेत मी आजवर तोंड उघडलेले नाही, पण जातो मात्र न चुकता. सुट्टीत घरी आल्यावर तसेच मंडळ गावात काढायचे मी ठरवले. त्याला कारण होते. आल्या दिवशीच बा म्हणाला होता, "वरीसभर शिकलास. काय शिकलास ते दिसू दे जरा. मग पुन्यास परत जायचं का नांगर धरायचा, ते बघू." इंग्रजी बोलून दाखवावे तर बाला ते कळणार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते फारसे येत नाही. उरली कादंबरी.

मी कर्जतला चालत गेलो आणि वाचनालयातून पारितोषिकाची एक जाड कादंबरी आणली. 'पारितोषिक' म्हणजे बक्षीस, असे बाला समजावून सांगितले. बक्षीस त्याला माहीत होते. खालापूरच्या शेतकी प्रदर्शनात त्याच्या भाताला एकदा फेटा मिळाला होता.

"कोनी दिलं बक्षीस?" त्याने विचारले.

"परीक्षक असतात. तीन."

"आमच्या टायमाला सायबानं दाना दाताखाली फोडून बघितला. ह्यांनी काय केलं?"

"वाचून बघितली."

"सगळी?"

"सगळीच वाचली असणार."

"मग बरं हाय," बा म्हणाला.

लढाईमुळे रॉकेल मापाने मिळते, म्हणून मंडळ दुपारीच भरवायचे ठरले. पहिल्या दिवशी मी ओटीवर येऊन बघतो तर आत्याने पाट मांडून त्यावर कादंबरी ठेवलेली, पुठ्ठ्यावर हळदकुंकू आणि वर मोगऱ्याचे फूल. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण, आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. आमच्या गावात पुस्तक मोठ्याने वाचले जाते ते श्रावणात, आणि ते पोथीचे. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पुस्तक वाचता येते हे तिला ठाऊकच नव्हते. वाचनालयाच्या पुस्तकाला कुंकू लागले म्हणून माझा जीव घाबरला, पण शेजारच्या सात-आठ बायका आणि चार बाप्ये हात जोडून बसलेले पाहून मी गप्प वाचायला लागलो.

पहिले प्रकरण संपल्यावर मी म्हणालो, "आता आपण चर्चा करू."

"कसली चर्चा?" आत्या म्हणाली. "पोथीला कोन उलट विचारतंय होय रं? निमूट फुडं वाच."

चर्चा झाली ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर. कादंबरीतली सून फार गुणी होती, आणि सासू तिला छळत होती. "त्या सासूला दोन दिस माझ्याकडं धाडा," शेजारची काकी म्हणत होती, "भात कांडायला लावते का नाय बघा." बा रोज खांबाला टेकून ऐकायचा आणि काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "ती सून बरी हाय. कामाची हाय." त्या दिवशी मला जेवण गेले नाही, इतका आनंद झाला. सुनेवर बाचा जीव जडला म्हणजे माझे पुणे नक्की, असा मी हिशेब केला.

कादंबरीचा शेवट मला माहीत होता. पुण्याच्या मंडळात ती वाचून झाली होती, तिथे तिला शोकांतिका म्हणायचे आणि तो शब्द मला फार आवडायचा. तेवढ्यानेच बहुधा पुढे काय होईल ते माझ्या लक्षात आले नाही.

शेवटल्या दुपारी समाप्तीसाठी आत्याने नारळ आणला होता, शेजाऱ्यांनी गूळ-फुटाणे. ओटी भरून गेली होती. मी मन लावून शेवटचे पान वाचले. सुनेने तळ्यात उडी घेतली, पाण्यावर वलये उठली आणि कादंबरी संपली.

मग काकीने पदर डोळ्यांना लावला.

"मेली?" आत्याने विचारले.

"हो."

"मग ह्यो नारळ आता कसा फोडायचा? सुतकात?"

यावर मात्र खरी चर्चा झाली. एकजण म्हणाला, सून आपल्या भावकीतली नाही, तेव्हा आंघोळ करण्याचे कारण नाही. काकी म्हणाली, महिनाभर रोज आपल्या ओटीवर होती ती, परकी कशी? हा कल्पित प्रसंग आहे, असे मी हळूच सांगून पाहिले. "मग कल्पित जगली असती तर तुझ्या परीक्षकांचं काय जात हुतं?" काकी माझ्यावरच उसळली.

शेवटी आत्यानेच वाट काढली. पोथी संपली की पहिल्या अध्यायाचा आरंभ पुन्हा वाचायचा असतो, म्हणजे वाचन तुटत नाही. "वाच रं आरंभ," ती म्हणाली. मी पहिले पान उघडले. त्यात सून लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ओले केस घेऊन तुळशीला पाणी घालत होती. "आली बया," कोणीतरी म्हणाले, आणि ती पुन्हा मरायच्या आत आत्याने नारळ फोडला.

प्रसाद वाटताना पाहिले तर खांबापाशी बा नव्हता. तो शेताकडे निघून गेला होता.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. जून लागला. मी न सांगता नांगराला तेल दिले, दावी तपासली आणि पुण्याचा विचार मनातून काढायला लागलो. विचारायचे धाडस मला होत नव्हते, आणि आत्याने विचारले तर बा नुसता हुं म्हणे.

एका संध्याकाळी चौक गावचे माझे मामा खालापूरच्या बाजारातून परतताना आमच्याकडे टेकले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "भाचेबुवा, बांधाबांध करा. तुमचा बा पत्र्याची ट्रंक घेताना गावला मला. मागं गाडीतनं येतोय."

माझा विश्वास बसेना. "माझ्यासाठी? काय म्हणाला?"

"दुकानदाराला सांगत हुता, पोराला अजून शिकवायचा हाय. इतक्या गुनी बाईला बुडवून मारली तरी बक्षीस देतात, त्या परीक्षकांत आपला एक मानूस पायजेल."