जुन्या शाळेची चिठ्ठी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका प्रायव्हेट शाळेत मी चपराशी. घंटा वाजवतो, गेट उघडतो, अन् लेकरं रडले का वानराचं तोंड करून दाखवतो. त्यात मले मेहनत नाही, देवानं अर्धं काम आधीच करून ठेवलं. वाचता मले येत नाही. पर हे शाळेत कोनाले मालूम नाही. पेपर उघडून बसतो, पानं पलटवतो, मधात मधात "च् च्" करतो. एक डाव पेपर उलटा धरला होता, तर म्हनलो, चष्म्याचा नंबर बदलला.

मंग सरकारचा नियम कडक झाला. शाळेत नवा मानूस ठेवाचा तर पोलिसचा कागद पाहिजे, अन् जुन्या शाळेनं लिहून द्याचं, याले काहून सोडलं.

तवाच बसवर नवा ड्रायव्हर आला. नागपूरकडचा. गनपतीत आमच्या मंडळात झांजा वाजवत होता, तेवढीच माही ओळख. प्रिन्सिपल मॅडमनं मले विचारलं, "पहचानते हो इसको?"

मी छाती फुगवली. "हव मॅडम, घर का आदमी है." रायपुरात कोनी मराठी बोललं का मले तो घरचाच वाटते.

मॅडम म्हने, "ठीक है, पुराने स्कूल की चिट्ठी आने तक चलने दो."

डाक वाटाचं काम माह्याकडं. आधी मी लिफाफ्याचा रंग पाहून वाटत होतो, अर्धी चुकत होती. हा आपला भाऊ भेटला तर त्याले एकट्यालेच खरं सांगून टाकलं. मंग रोज तो बसच्या पायरीवर बसून मले नावं वाचून सांगे. एक दिवस एक लिफाफा हातात धरून थांबला.

"हे तर माहंच हाये, दादा. जुन्या शाळेनं चांगलं लिहून पाठवलं असन. मीच देतो मॅडमले."

मी म्हनलो, "मंग पेढे खिलव बाप्पा!"

त्यानं खरंच पेढे आनले. मी दोन खाल्ले.

तिसरीतली एक पोट्टी बसमधून सगळ्यात शेवटी उतरे. दोनेक महिन्यानं ते गेट धरून उभी राहाले लागली. "अंकल, मुझे बस में नहीं जाना." मी वानर केलं. हासली नाही.

"काहे बिटिया, बस में भूत है क्या?"

तिनं मान हालवली, हव. गेटवरचे सगळे हासले. मीबी हासलो, अन् तिले उचलून बसमधी ठेवलं. तो समोरून म्हने, "थँक्यू दादा."

मंग तिची आई आली. पोलिस आले, त्याले घेऊन गेले. जुन्या शाळेनं फोनवर सांगितलं, आम्ही याले ह्याच्याचसाठी काढलं होतं, तुमाले चिठ्ठी पाठवली होती. मॅडम म्हने, आमाले कोनतीच चिठ्ठी भेटली नाही. मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभा होतो. मंग कप टेबलावर ठेवले अन् घंटा वाजवाले गेलो.

पोट्टीचं नाव काढून नेलं. एक दिवस चौबे कॉलोनीत दिसली, आईचं बोट धरून. माह्या तोंडानं सवयीनं वानर केलं. ते आईच्या मागं लपली.

आता सगळ्याइले पोलिसच्या कागदाचा फॉर्म भराचा हाये, जुन्या स्टाफलेबी. मी म्हनलो चष्मा फुटला, तर क्लर्क दीदी वाचून भरून राहिली होती. "'पहले कभी कोई शिकायत?' नहीं ना, भैया?"

"हव लिहा, दीदी. चिट्ठी आई थी. मीच त्याच्या हातात देल्ली. मुझे पढना नहीं आता."

दीदी अशी हासली का पेन खाली पडला. "आप भी ना भैया! रोज तो पेपर पढते हो."

तिनं काहीतरी लिहिलं. एकच अक्षर असन, नाहीतर दोन. मी त्याच्याकडं लय वेळ पाहिलं.

"साइन करो, भैया. घंटी का टाइम हो गया."