दानार्पणाची चाल

नवं शतक लागल्यावर चारेक वर्षांत पप्पा गेले. इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळच्या ज्या चर्चमध्ये त्यांनी उभा जन्म ऑर्गन वाजवला, तिथल्या पाळकाकडे मी एकच गोष्ट मागितली: अंत्यविधीत त्यांचं आवडतं मराठी भजन म्हणू द्या. पाळक तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, लोकांना शब्द कळणार नाहीत, अवघडल्यासारखं होईल. त्यापेक्षा आपली दानार्पणाची जुनी चाल वाजवू. ती इथली पिढीजात आहे, तुमच्या वडिलांनाही आवडायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ती चाल त्याच भजनाची होती.

नगरकडच्या आमच्या गावात आजोबा एकतारीवर भजन म्हणायचे. बाप्तिस्मा घेतल्यावर शब्द बदलले, चाल तीच ठेवली. मिशनच्या साहेबाला ते खपलं नाही. हिंदूंची चाल प्रभूच्या मंदिरात नको, म्हणून एकतारी बंद केली आणि पप्पांना लहानपणीच ऑर्गनपुढे बसवलं. त्यांचा हात असा बसला, की इंग्रजांचं राज्य असतानाच साहेब मायदेशी परतला तेव्हा त्यांना बरोबर घेऊन आला.

इथेही कोणती गीतं वाजवायची ते दुसरेच ठरवायचे. पण दानाची थैली फिरते तेव्हा सगळ्यांचं लक्ष खिशाकडे. तेवढ्या वेळात पप्पा आजोबांचं भजन वाजवत, लय संथ करून, दर रविवारी. ते लोकांच्या कानांत मुरलं आणि बघता बघता त्यांचं झालं. आयत्या बिळावर नागोबा.

"पप्पा, सांगून टाका ना त्यांना," मी चिडून म्हणायचे.

"वाजतंय ना? मग झालं तर."

झालं कसलं? मला त्यांच्या त्या शांतपणाचाही राग यायचा, अजून येतो.

अंत्यविधीला नव्या वादकाने चाल धरली. मी जागेवरून उठले आणि शब्द म्हटले. मराठीत, मोठ्याने, सगळी कडवी. पाळक हातातले कागद चाळत राहिला.

नंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या बाईने माझा हात हातात घेतला. "आमच्या चालीवर तुमचे शब्द किती छान बसवलेत," ती म्हणाली.

"चाल माझ्या आजोबांची आहे. तुमच्याकडे ती इतकी वर्षं शब्दांवाचून राहिली."

ती गोड हसली आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.