टेक संपल्यावर मेघना खाली बसली

मंडळी, दुपारपासून मी सुन्न आहे. कुणाला तरी सांगायलाच हवं.

आम्ही आठ जण नोकऱ्या सांभाळून चर्चमधलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं समूहगान गातो, वाद्यांशिवाय. आज घोटावडे गावातल्या तात्यांच्या रिकाम्या मंगल कार्यालयात रेकॉर्डिंग होतं. गेलेल्या माणसांसाठी शांती मागणारी लॅटिन प्रार्थना.

शेवटचा टेक अप्रतिम झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्यातली मेघना मात्र खाली बसली आणि म्हणाली, "सकाळी माझे बाबा गेले. नांदेडला."

"अगं, मग गायलीस कशी?" मी जवळजवळ ओरडलोच.

"दादा मुंबईहून गाडी घेऊन निघालाय. तो येईपर्यंत रूमवर एकटी काय करणार होते? इथे निदान बाबांसाठी गाता आलं."

तात्या दारातच उभे होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली. "ऊठ पोरी. माझ्या गाडीतनं हायवेला जाऊ, तुझा भाऊ तितंच गाठंल."

जाताना ती आम्हाला एवढंच म्हणाली, "तो टेक पुसू नका. आईला ऐकवायचाय."

रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर आहे, पण लावायची हिंमत होत नाहीये. खरं सांगा, अशा दिवशी तुमच्या गळ्यातून सूर निघाला असता?