मेश्रामबाबू आणि हाउजीची फी

२०२५ साल, माझं वय एकोणऐंशी. दुपारी फोन आला तेव्हा मी सिंकखाली बसून नळाचा वॉशर बदलत होतो. मेश्रामबाबूंची मुलगी होती. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "अगं, कालच तर बोललो आम्ही…" त्याला आता पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लोक छान छान लिहितात, तसं मला जमणार नाही. मी चौथी शिकलेला, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. मला दुःखापेक्षा राग जास्त आलाय. त्यातला थोडा इथल्या टाउनशिपवर, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या कारभारावर आहे, बराचसा माझ्यावरच.

आम्ही दोघं मुलांच्या मागे अमेरिकेत आलेलो. मी साताऱ्याकडचा, मेश्रामबाबू विदर्भातल्या एका नगरपालिकेत परवाना विभागात बत्तीस वर्षं नोकरी केलेले. इथे ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरात अडकला म्हणून समजा. बस नाही, रस्त्याला फुटपाथ नाही, मुलगा-सून सकाळीच कामावर. म्हणून आमच्या म्हाताऱ्यांच्या मंडळाने दर मंगळवारी भाड्याची व्हॅन लावली. ती घरोघरून आम्हाला उचलायची, कुणाला डॉक्टरकडे, कुणाला दुकानात, आणि शेवटी सगळ्यांना लायब्ररीच्या हॉलमध्ये आणायची. व्हॅनचं भाडं निघायचं हाउजीतून. इथे तिला बिंगो म्हणतात आणि धर्मादाय कामासाठी खेळली तरी टाउनशिपचं लायसन्स लागतं. एक डॉलरचं तिकीट, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. आकडे पुकारायचे मेश्रामबाबू. "सत्तावन्न! एक वर्ष राहिलं, पेन्शनचे कागद काढा!" पुढचा अठ्ठावन्न निघाला तर, "झाले रिटायर, नारळ घ्या!" बायका हसून हसून तिकिटं खाली पाडायच्या. मी ओरडायचो, "बाबू, नुसता आकडा सांगा, भाषण नको." ते म्हणायचे, "मिस्त्री, इंजीनला ऑइल लागते की नाही जी? तसंच आहे हे."

मग गेल्या वर्षी टाउनशिपने नवा ठराव आणला. आधी वर्षातून एकदा थोडी फी भरली की काम व्हायचं; आता म्हणे दर खेळाला शंभर डॉलर. तीनशे माणसांचा मोठा हॉल असो की आम्ही चाळीस म्हातारे, दर एकच. बाबू चिडले. त्यांनी उमेदीत स्वतः असे दर बसवलेले. "जत्रेत सर्कसच्या तंबूला एक दर आणि पोरांच्या पाळण्याला एक दर लावत होतो मी. पाळणेवाल्याला सर्कसचा दर लावला तर तो पाळणाच आणणार नाही. इतकं सोपं आहे, आणि या सुशिक्षित लोकांना कळत नाही!" त्यांनी रीतसर इंग्रजीत अर्ज लिहिला, टाय लावून खिडकीवर नेऊन दिला. खिडकीवरची बाई म्हणाली, ईमेल केलात तरी चालेल. बाबू म्हणाले, "स्टॅम्प प्लीज." आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला तेव्हाच हलले. पोच मिळाली म्हणजे अर्ज दफ्तरी लागला, आणि अर्जाला उत्तर दिल्याशिवाय ठराव होत नाही, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक. आयुष्यभर तेच तर पाहिलेलं.

ठरावाच्या बैठकीला आम्ही दोघं पुढच्या रांगेत बसलो. अध्यक्षांनी विचारलं, या विषयावर कुणाला बोलायचंय का, माणशी तीन मिनिटं. बाबू अर्धे उठले. मी त्यांचा कोट धरून खाली ओढलं. "बसा हो. अर्ज दिलाय, पोच आहे. आता उभं राहून हात जोडायचे काय? त्यांनी आपल्याला उत्तर द्यायचंय." ते बसले. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणीच बोलणारं नाही म्हणून नोंदवायला सांगितलं आणि ठराव पास. बाहेर येऊन खिडकीवरच्या बाईला विचारलं तेव्हा कळलं, अर्ज फायलीत होता. पण इथे लोकांचं म्हणणं म्हणजे उभं राहून बोललेलं. परतताना मंडळाच्या व्हॅनमध्ये बाबू एवढंच म्हणाले, "काहून ओढलं जी मला?" पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढला असता, भांडले असते, तर बरं झालं असतं…

हाउजी दोन महिन्यांत बंद पडली आणि व्हॅनही. बाबूंचं घर माझ्या घरापासून सहा मैल. मुलगा दहादा म्हणाला, "बाबा, सांगा ना, मी ड्राइव्ह करतो, सोडतो तुम्हाला." पण त्याने दमून यायचं आणि मी 'मला फिरवून आण' म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. रोज दुपारी फोनवर बोलायचो. ते म्हणायचे, "मिस्त्री, फीचे दर दरवर्षी नवीन ठरतात. यावेळी बोलतोच मी. घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसते." वर्षभरात मी त्यांना प्रत्यक्ष दोनदा पाहिलं. सहा मैलांवर असलेल्या माणसाला! तिसऱ्यांदा पाहिलं ते फुलांत ठेवलेलं.

मागच्या आठवड्यात ती बैठक झाली. टाउनशिपचं ऑफिस माझ्या घरापासून दोन मैल. रस्त्याकडेच्या गवतातून चालत गेलो. अध्यक्षांनी विचारल्यावर उठलो. माझं इंग्रजी ते काय! "माय फ्रेंड मेश्राम, डेड. फी बिग, व्हॅन स्टॉप. बिग हॉल, स्मॉल हॉल, सेम फी. नॉट राइट." अर्ध्या मिनिटात संपलं. अध्यक्ष म्हणाले, "आर यू डन, सर?" मी म्हणालो, "नो." आणि उभा राहिलो. बाबूंची मिनिटं होती ती, मी का सोडू? तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली तेव्हाच बसलो.

कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, असे किती लोक आहेत? कुणालाच माहीत नव्हतं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, तक्रार तर एकाच माणसाची दिसते. त्या बाईंनी हट्ट धरला म्हणून मतदान पुढच्या बैठकीवर ढकललं, एवढंच काय ते. एकाच माणसाची! एकोणचाळीस जण घरात बसलेत, खिडकीतून दुसऱ्याच्या गाड्या बघत. इतका संताप आला की परतताना दोनदा रस्ता चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, मुलगा ऑफिसला निघायच्या आत, मंडळाची यादी त्याच्यासमोर ठेवली. म्हणालो, "मला पुढच्या बैठकीला गाडीने सोड. आणि या लोकांनाही न्यायचंय."

त्याने यादी वरून खाली वाचली. म्हणाला, "एका फेरीत चार बसतील, बाबा. दोन फेऱ्या करतो."

उरलेल्यांसाठी मी फोन हातात घेतला. यादीतल्या पहिल्या नावाच्या मुलाला मी कधी भेटलेलो नाही. त्याने उचलला, घाईत होता. मी म्हणालो, "मी जाधवकाका बोलतोय. तुमच्याकडे एक मागणं आहे."