न फडकणारे झेंडे

परबकाकू दुकानात आल्या की आधी काउंटरवरचे माझे सगळे कागद एका बाजूला सारायच्या, मोकळ्या झालेल्या जागेत आपली पिशवी ठेवायच्या आणि समोर कितीही माणसं उभी असली तरी मोठ्यांदा सांगायच्या, "विद्या, माका एक झेंडो काढून दी." मुंबईत मरोळला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक येतात ते आधार, भाडेकरार नाहीतर लग्नाचा बायोडेटा घेऊन. परक्या देशांचे झेंडे नेणारं गिऱ्हाईक मला जन्मात एकच भेटलं, आणि त्यानं अकरा वर्षं माझं डोकं खाल्लं.

मी तापट आहे, हे सांगून टाकते. दुकानात एकटी बाई बसली की लोक काहीही सांगतात, म्हणून तोंड तिखट ठेवावं लागतं. पण काकूंपुढे माझं तोंड म्हणजे साधं वरण. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा हातात चिठ्ठी होती, तीवर मोठ्या अक्षरांत 'पनामा' लिहिलेलं. मी विचारलं, "नातवाचं शाळेचं प्रोजेक्ट का?"

"नातू खंयचो? अजून सून नाय," काकू म्हणाल्या. "आमचो नितीन ज्या बोटीर चढलो ना, त्या बोटीचो ह्यो झेंडो."

नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजांवर फिटर. एका जहाजावर आठ-नऊ महिने, मग दोन-तीन महिने घरी, मग दुसरं जहाज. काकूंचे यजमान मरोळच्याच एका कारखान्यातून रिटायर होऊन वर्षभरात गेलेले, त्यामुळे मायलेक दोघंच. मी म्हटलं, "म्हणजे नितीन पनामाला गेला?"

"तुका समुद्र काय कळतलो, तू घाटावरची. अगो, बोट ग्रीक माणसाची, कप्तान युक्रेनचो, जेवण करणारो फिलिपिन्सचो, माल ब्राझीलचो आणि झेंडो पनामाचो. आमच्या गावच्या सामायिक घरासारखा. रवता एक, कौला बदलता दुसरो, आणि सातबाऱ्यार नाव तिसऱ्याचाच."

मी पनामाचा झेंडा शोधला आणि सवयीनं ब्लॅक-व्हाईट प्रिंट दिली. काकूंनी ती हातात धरून माझ्याकडे बघितलं. "तुझो नवरो हरवलो तर पोलिसाक ब्लॅक-व्हाईट फोटो दितलंस काय?" मागे उभा असलेला माणूस हसला. मी रंगीत प्रिंट काढली. चार चौकोन, दोन चांदण्या. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्यो झेंडो की ल्युडोचो पट?" म्हणाल्या, आणि घडी न घालता, नीट पिशवीतल्या वहीत ठेवून घेऊन गेल्या.

हे सगळं कशासाठी, ते मला दोन झेंड्यांनंतर कळलं. मालवणी माणूस देवाला नुसता नमस्कार करून उठत नाही, तो गाऱ्हाणं घालतो. एकानं मोठ्यानं देवाला सगळी हकिगत सांगायची, कोण, कुठचा, काय अडचण, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. काकू रोज सकाळी नितीनसाठी गाऱ्हाणं घालायच्या. दुजोऱ्याला घरात कोणी नाही, म्हणून 'होय म्हाराजा'ही त्याच म्हणायच्या, जरा जाड आवाजात. "आमचो रवळनाथ गावच्या शिवेपर्यंतचो देव," त्यांनी मला समजावलं. "तेका पनामा काय म्हायत? समुद्रात हजार बोटी, सगळ्यो सारख्योच. झेंडो दाखवलो की तो वळखता. देवाक अंदाजपंचे सांगूचा नसता गो, पत्तो बरोबर व्हयो."

"मग मोबाइलवर दाखवा ना देवाला. फुकट होईल."

"आणि गाऱ्हाणा घालताना मधीच लोनवाल्याचो फोन इलो तर?"

तेव्हापासून मी त्यांची झेंडेवाली झाले.

इंटरनेटवरून झेंडा उतरवणं सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा परबकाकूंसाठी उतरवून बघावा. एका साइटवर हे मोठं हिरवं 'डाउनलोड'चं बटण, ते दाबलं की रमी खेळायला बोलावतात. खरं बटण खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. एक झेंडा छान मिळाला, पण छापल्यावर मधोमध कंपनीचं नाव तिरकं उमटलेलं. "ह्यो कोण? बोटीचो मालक?" काकूंनी विचारलं. एकदा पार्श्वभूमी नसलेला म्हणून घेतलेला झेंडा पांढऱ्या-करड्या चौकटींसकट छापून आला. काकू म्हणाल्या, "झेंड्याक टॉवेल कित्याक गुंडाळलंस?" माझी पार वाट लागायची. त्यात बारीक चित्र मोठं केलं की धुरकट व्हायचं, आणि धुरकट झेंडा तर काकू हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत.

एकदा मात्र मी खूश होते. मार्शल बेटांचा झेंडा हवा होता आणि मला अगदी झकास चित्र मिळालं. काठीवर फडकणारा, घड्या पडलेला, खऱ्या कापडासारखा. मी न विचारता चांगल्या चकचकीत कागदावर छापला. काकूंनी बघितला आणि काउंटरवर परत ठेवला.

"ह्यो नको. ह्यो हलता."

"काकू, झेंडा फडकणारच ना. तोच तर छान दिसतो."

"फडाकता म्हणजे थंय वारो आसा," काकू म्हणाल्या. "माका वारो नको. माका सरळ झेंडो दी."

मी सपाट झेंडा शोधला. निळा, त्यातून वर चढत गेलेले भगवा आणि पांढरा असे दोन पट्टे. काकूंनी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "घाटातलो रस्तो दिसता. नित्याक घाटात गाडी लागता," म्हणाल्या, "देवाक सांगतंय, सांभाळून ने म्हणान." त्या दिवसापासून मी त्यांना कधी हलणारा झेंडा दिला नाही.

आता माझी चूक सांगते. ते दिवस कॉलेजच्या ॲडमिशनचे होते. दुकानात पोरं, पालक, मार्कशीट, आणि प्रिंटर दर दहा कागदांनी रुसलेला. त्यात काकू, "लायबेरिया दी." मी शोधलं, समोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, कोपऱ्यात निळा चौकोन असलेले तीन झेंडे एकाच चित्रात आले. दिसायला सारखे, म्हणून कोणीतरी शेजारीशेजारी लावलेले. अमेरिकेचा ओळखला. उरलेल्या दोनांतला एक कापला, मोठा केला, छापला. खालचं नाव वाचलंसुद्धा नाही. काकूंनी बघून मान हलवली. "चंद्र आसा, चांदणी आसा. बरो आसा झेंडो."

पाच महिने गेले. नितीनचा दर रविवारी फोन यायचा. एका रविवारी आला नाही. काकू म्हणाल्या, रेंज नसेल. पुढच्याही रविवारी आला नाही. कंपनीच्या ऑफिसात विचारलं तर 'सगळं ठीक आहे' एवढंच. टीव्हीवर रोज नितीनच्या जहाजाच्या वाटेवरच्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्याच्या बातम्या. काकूंनी टीव्ही बंद करून टाकला. बुधवारी त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी माझे कागद बाजूला सारले नाहीत. पिशवी हातातच धरून म्हणाल्या, "बोट खंय आसा ता तुमच्या कंप्युटरार दिसता म्हणतत. बघतंस?"

जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइट असतात. नितीननं दिलेलं जहाजाचं नाव टाकलं. नकाशावर एक ठिपका आला, आणि खाली लिहिलेलं, शेवटचा सिग्नल अकरा दिवसांपूर्वी. जहाजाच्या नावाशेजारी नखाएवढा झेंडा होता. लाल-पांढरे पट्टे, निळा चौकोन, आणि त्यात एक पांढरी चांदणी. फक्त चांदणी. चंद्र नव्हताच.

मी काकूंना काय सांगितलं? "साइट स्लो आहे, उद्या बघू." खोटं बोलले, साफ खोटं. त्या गेल्यावर नीट शोधलं. काकूंच्या देव्हाऱ्यात पाच महिने मलेशियाचा झेंडा होता. मी शिकलेली बाई, कागदाच्या तुकड्यानं जहाज बुडत नाही हे मला कळतं. पण जी बाई पत्ता बरोबर हवा म्हणून माझ्याकडे येत होती, तिला मी चुकीचा पत्ता दिला होता, आणि तिचा मुलगा कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. मला कशातच लक्ष लागेना. एकाच्या भाडेकरारावर मी दुसऱ्याचा फोटो चिकटवला.

दुसऱ्या दिवशी लायबेरियाचा झेंडा चार साइटवर ताडून पाहिला, सपाट, रंगीत, तेवढ्याच मापाचा छापला, आणि ओढणीखाली धरून काकूंच्या घरी गेले. बेत असा, की काकू चहा ठेवायला आत गेल्या की गुपचूप बदलायचा. निमित्ताला त्यांचाच एक डबा परत करायला नेला होता. काकू आत गेल्या. देव्हाऱ्यात रवळनाथाच्या तसबिरीला टेकून तो झेंडा उभा होता, कडेला हळदकुंकू लागलेलं. मी हात घातला.

"काय गो," मागून आवाज आला, "माझ्या देवाच्या खिशात कित्याक हात घालतंस?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. मलेशिया, लायबेरिया, खाली लिहिलेलं नाव न वाचणं, सगळं. मला वाटलं होतं, आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. काकू खुर्चीवर बसल्या. गॅसवर चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. मीच जाऊन बंद केला.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मलेशियाच्या बोटी आसतत?"

"असतीलच ना, काकू."

"त्येंच्यार पोरगे आसतत? नित्यासारखे?"

"असणारच."

काकू उठल्या. चूळ भरून आल्या, पदर डोक्यावर घेतला. "उभी रव माझ्या बाजूक. होय म्हाराजा म्हण. आज दोघींची चूक आसा, माका एकटीक झेपाचा नाय."

"तुमची कसली चूक?"

"झेंड्यार काय काय आसता ता नित्याक विचारूक माका तोंड नव्हता?" म्हणाल्या आणि हात जोडले. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा. ह्या चेडवान घायेत चुकीचो झेंडो दिल्यान, आणि मिया तसोच तुझ्यासमोर ठेवलंय."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

"इतके दिवस तू मलेशियाच्या बोटींची राखण केलंस, म्हाराजा. आता चूक कळली म्हणान त्येंका सोडू नको. त्या बोटींर पण कोणाकोणाचे झील आसत."

मी ओढणीनं डोळे पुसत होते. काकूंनी कोपरानं ढोसलं, तेव्हा 'होय म्हाराजा' म्हटलं.

"आणि आता ह्या एका चांदणीच्या झेंड्याखाली माझो नितीन आसा. तेच्या माथ्यार हात ठेव, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

रविवारी नितीनचा फोन आला. धोक्याच्या पट्ट्यातून जाताना जहाजानं सिग्नल बंद ठेवला होता, आणि त्यातच इंटरनेटची यंत्रणा बिघडली होती. काकूंनी आधी त्याला पोटभर शिव्या घातल्या, मग जेवलास काय ते विचारलं, मग फोन ठेवून पिशवीसकट दुकानात आल्या. माझे सगळे कागद एका बाजूला सारले. "तुझ्या चुकीन मलेशियाच्या बोटी सुखरूप रवल्यो," म्हणाल्या. "थंयच्या सरकारान तुका शाल-नारळ देवक व्हयो." इतका आनंद मला माझ्या दुकानाचं लायसन मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

मलेशियाचा झेंडा त्यांनी काढला नाही. एकदा राखणीला घेतलेला असा मधेच काढायचा नसतो, म्हणाल्या. मग बोट बदलल्यावर जुने झेंडे काढणंही त्यांनी थांबवलं. नितीन घरी आला तरी त्या बोटीवर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा चढलेला असणारच, हा त्यांचा हिशेब. देव्हाऱ्यात देवाला जागा उरली नाही, तेव्हा झेंडे कपाटाच्या दारावर आले.

गेल्या वर्षी काकू गेल्या. सकाळी देवासमोर बसल्या त्या उठल्याच नाहीत. नितीन तेव्हा सुट्टीवर घरी होता, एवढं एक देवानं बरोबर केलं. दिवस झाल्यावर तो दुकानात आला, झेंड्यांचा गठ्ठा घेऊन. "ताई, आईनं हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. पण यातला एक मला कळत नाही. मी मलेशियाच्या बोटीवर कधीच नव्हतो." मी म्हटलं, "माझ्याकडून चुकून आलाय तो. राहू दे."

परवा त्याचा मेसेज आला. 'ताई, नवीन बोट जॉईन केली. बहामाज. आईनं बजावलं होतं, बोट बदललीस की आधी विद्याला सांग.'

मी काम बाजूला ठेवलं. बहामाजचा झेंडा शोधला, खालचं नाव तीनदा वाचलं. फडकणारा आधी आला, तो सोडला. सरळ घेतला. रंगीत कागद प्रिंटरमधून बाहेर येत असताना मला कळेना, आता पुढे काय. मग मी माझ्या देशावरच्या जिभेनं, हळूच, जमेल तसं सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा. हा नितीनच्या नव्या बोटीचा झेंडा आहे. निळा, पिवळा, निळा, आणि बाजूला काळा त्रिकोण. ओळखून ठेव, म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागून आवाज आला.

वळून बघितलं तर काउंटरशी एक रिक्षावाला उभा होता, खाकी शर्ट, हातात आधार कार्ड. तोंडातून आपोआप निघून गेलं असावं, कारण तोही जरा चपापला होता. मी थांबले, तर म्हणाला, "पुरा करा, पुरा करा. गाऱ्हाणा अर्धा सोडू नये. माका घाय नाय."

"आणि मलेशियाच्या बोटींवरच्या पोरांकडेही लक्ष असू दे, म्हाराजा."

"होय म्हाराजा," तो म्हणाला, कसलीही शंका न घेता. मग कार्ड पुढे करत त्यानं विचारलं, "कोण आसा तुमचो बोटीर?"

"भाऊ," मी म्हटलं, आणि त्याच्या आधारच्या दोन्ही बाजू काढायला घेतल्या.