सासूबाईंची सहाण

सासूबाईंच्या हनुवटीवर केस दिसायला लागले तेव्हा वाडीतल्या बायांनी आमच्याकडे येणंच कमी केलं. आधी त्यांचा चेहरा फुगला, गाल लालबुंद झाले, हातपाय मात्र काटकुळे. मग आवाज घोगरा झाला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी उतारा टाकायला सांगितला. मला या बोलण्याचा मनस्वी संताप यायचा. मी सोमाटण्याची, सातवी शिकलेली आणि तोंडाने तिखट. पण त्यांच्याशी बोलताना मीही नजर चुकवायचे, हे खोटं नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमची वाडी लोणावळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नवरा रेल्वेत कामाला. आम्ही त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे, तिचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून काढता आला तेवढा काढला आणि उरलेल्यासाठी गोळ्या लिहून दिल्या.

डॉक्टरांनी सावकाश, समजेल असं सांगितलं. मोठी गोळी अख्खी गिळायची. तोडायची नाही, कुटायची नाही. घ्यायची ती सायीच्या दुधाबरोबर, जेवणाच्या वेळी. दुसरी बारीक गोळी जीव सांभाळणारी, ती कधीही चुकवायची नाही. ताप आला किंवा उलट्या लागल्या तर घरी वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखान्यात आणायचं. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुम्ही मात्र या मोठ्या गोळ्यांना हात लावू नका. बाळाला धोका आहे." मला तेव्हा सातवा लागला होता.

"एवडं काय हाय वो तिच्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"घरं फवारायला येतात ना, डासांसाठी? ती पांढरी पावडर. तिच्याच घराण्यातलं औषध आहे हे."

"म्हंजी मला डासावानी मारताय व्हय!" असं म्हणून सासूबाई खदखदून हसल्या. डॉक्टरही हसले. मला काही हसू आलं नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे पहिलं असूनही बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. त्याची मला भीती नव्हती, कारण वाडीतल्या साऱ्या पोरांना सासूबाईंच्या हातची गुटी मिळालेली. कुणाचं तान्हं कळवळून रडायला लागलं की त्याची आई ते घेऊन आमच्या ओसरीवर यायची. सासूबाई सहाण पुढ्यात ओढायच्या. आईच्या दुधात हळकुंड, हिरडा, वेखंड, जायफळ, कशाचे किती वेढे द्यायचे ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक. चेहरा बदलल्यावरही गुटीपुरत्या बाया येतच राहिल्या. गरज पडली की बाहेरचंही आतलं होतं, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

नवरा कामावर जाण्याआधी आईला गोळ्या काढून द्यायचा, दुधाचा पेला हातात ठेवायचा आणि पळायचा. मी गोठ्यात असायचे. गोळी घशाखाली जाते की नाही हे कुणी बघितलंच नाही.

एका सकाळी शेजारीण तिचं तान्हं घेऊन आली. सासूबाईंनी सहाण ओढली, आणि तिच्या कडेला मला पांढरा थर दिसला. ती सहाण कायम हळदीने पिवळी असायची.

"आत्याबाई, हे पांडरं काय?"

"माजी गोळी," त्या म्हणाल्या. "अख्खं औषद पोटात जाऊन बसून ऱ्हातं, फिरत न्हाई. उगाळल्याबिगर गुण कसा यील? तो डाक्टर पोरगा हाय, त्याला काय ठावं!"

मी सहाण उचलून अंगणात भिरकावली. सासूबाईंवर मी आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते ओरडून ओरडून बोलत होते, आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की ही सहाण रोज रात्री चिमणीच्या उजेडात भांड्यांबरोबर धुते कोण? मीच. याच हातांनी. आणि शेजारणीचं तान्हं तर आधीच्या आठवड्यात हिच्यावरची गुटी पिऊन गेलेलं. शेजारीण पोराला छातीशी धरून उभी होती. सासूबाईंचा हात हवेत तसाच राहिला.

नवरा मुंबईला जाऊन विचारून आला. दगड पुरून टाका, तान्ह्यावर लक्ष ठेवा, बायकोला तपासायला आणा, आणि आईने गोळी गिळलेली समोर उभं राहून बघा. दोन्ही बाळांना बहुतेक काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बहुतेक. तो शब्द त्यानंतर आमच्या घरात आमच्याबरोबर जेवायला बसायचा.

शेजारचं पोर रडलं की मला बरं वाटायचं. गप्प झालं की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे. माझ्या पोटातलं हललं नाही तर कुशी बदलून बदलून त्याला उठवायचे. शेजारचं ते पोर सुखरूप राहिलं, हे आधीच सांगून टाकते. पण ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

सासूबाई मुकाट्याने गोळ्या गिळायला लागल्या. डोळ्यांतून पाणी यायचं, उमासे यायचे, तरी गिळायच्या. एकदा चुलीपुढे बसून आपण होऊन म्हणाल्या, "पयली फवारणी झाली त्या साली आपली मांजर व्याली व्हती. भिताडाला अंग घासायची आन् चाटीत बसायची. ती मेली. मागनं पिल्लंबी गेली, तिचं दूध पिऊन." त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

मुलगी झाली. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या. "सोड तिला दुपट्यातनं. बोटं समदी हायती ना?" मी एकेक बोट उघडून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण आत आल्या नाहीत. बाळाला घ्या म्हटलं तर हात पदराखाली गेले.

आम्ही समजावलं. हात साबणाने धुतले की झालं, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. "भिताडाची पावडर धुऊन गेली व्हती का?" त्या म्हणाल्या. नवी सहाण आणली ती माझ्या पुढ्यात. त्या दारात बसून सांगायच्या, वेखंड जपून, हळकुंड अजून एक वेढा. गावभरच्या पोरांना गुटी पाजलेली बाई स्वतःच्या नातीला लांबून बघायची. मला त्यांचा राग यायचा, आणि मग रडू यायचं.

गोळ्यांनी त्यांना भोवळ यायची, उठताना भिंत धरावी लागायची. त्या बहुतेक वेळ ओसरीवर घोंगडीवर बसून असायच्या. मुलगी रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. तिला आत निजवून, दाराला पाट आडवा लावून मी विहिरीवर गेले. तिथे पाण्याला गर्दी होती, उशीर झाला.

परत आले तर पाट कलंडलेला. मुलगी सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून गाढ झोपलेली. आणि सासूबाईंनी दोन्ही हात डोक्याच्या वर धरलेले. केव्हापासून, कोण जाणे. दंड लटलट कापत होते, चेहरा घामाने भिजला होता, ओठ दाताखाली दाबलेला. मी हंडा तिथेच टाकून धावले आणि मुलीला उचललं. तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"म्या न्हाई हात लावला," त्या म्हणाल्या. "तीच आली. म्या न्हाई लावला."