सोन्याला पाजलेलं एरंडेल

आई गेल्यापासून मी देवीशी बोलणंच सोडलं होतं. मंगळवारी दिवा लावायचे, पण तो हाताच्या सवयीनं. बोलायला घरात एकच जीव, सोन्या, माझा पिवळा बोका. मी अंगणवाडीतून येईपर्यंत तो उंबऱ्यात बसून असायचा. माझी वाट बघणारं माकणी गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या मंगळवारी तो चुलीमागच्या राखेत सारखा बसू लागला. बसायचा, कुंथायचा, तसाच उठायचा. शौचाला होत नसेल, असं मीच ठरवलं आणि चमचाभर एरंडेल पाजलं. बुधवारी खाणं सुटलं, तर पुन्हा पाजलं. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतंय, बाई." त्या सहज बोलून गेल्या, पण मी सोन्याला पदराखाली ओढून घेतलं. माझं मांजर सोन्याचंच होतं.

दुपारी दिवा लावून देवघरापुढं बसले आणि ढसाढसा रडले. "आई भवानी, याचं पोट तेवढं साफ कर," म्हटलं. सोन्या ओकला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. मग मी चिडले. आईच्या वेळीही ऐकलं नाहीस, असं देवीला तोंडावर सुनावलं आणि दिवा विझवून टाकला.

दारात एक धनगरीण पाणी मागायला आली. धरणाकडच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. तांब्या घेता घेता तिची नजर सोन्यावर गेली. खाली बसून तिनं हलकेच त्याच्या ओटीपोटाला बोटं लावली.

"ह्ये झाड्याचं न्हाय, बाई. मूत तुंबलंय. आमचा मेंढा असाच गेला, आमी बी पोटाचंच औषध देत बसलो. लिंबावानी टणक लागतंय. दाबू नगा, फुटंल. आत्ताच डाक्टरकडं न्या."

पाणी पिऊन ती गेली. नाव विचारायचंही राहिलं.

टोपलीत घालून जीपनं लातूर गाठलं. डॉक्टरांनी भूल देऊन बारीक नळी घातली, तेव्हा रक्ताळलेली लघवी आणि वाळूसारखी कच बाहेर आली. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, म्हणाले. मूत्रपिंडांवर ताण आलाय, जगेलच असं सांगता येत नाही. तीन दिवस नळी आणि सलाईन चाललं. मी बाकावर नुसती बसून होते. देवीकडं काही मागितलं नाही, मागायला तोंडच नव्हतं. तिथंच हळूहळू उमगलं, की मी देवीला साकडं घातलं नव्हतं, उपचार सांगितला होता, तोही चुकीचा. तिनं माझं ऐकून पोट साफ केलं असतं, तर मी निर्धास्त घरी बसले असते आणि सोन्या गेला असता.

तो वाचला. पुन्हा तुंबू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून खाणं पाण्यात कालवून देते. घरी आलो त्या सकाळी तो आईच्या धुऊन ठेवलेल्या वाकळेवर चढला आणि मुताचं भलं मोठं थारोळं करून ठेवलं. त्या ओल्या वाकळेला मी हात जोडले. मग दिवा लावला आणि देवीला एवढंच म्हटलं, आई, तुझं तुला ठाऊक.